कळशी रिकामी होईपर्यंत

सातपूर, नाशिक
३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. उज्ज्वलाताईस,
सोमनाथचा शि. सा. न. वि. वि.

मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलं की गरगरतं, म्हणून हे पत्र थांबत थांबत लिहितो आहे.

स्नेहलच्या लग्नात मामा म्हणून तिच्या पाठीशी दुसरं कुणी उभं कर. परवा इथल्या द्वारका चौकात बसमधून उतरलो आणि रस्ताच उजवीकडे कलंडला. दुभाजकाला धरून खाली बसलो. लोक म्हणाले, भरदुपारी टाकून आलाय. ताई, मी सुपारीसुद्धा खात नाही! आयटीआयची पायरी न चढता लेथ मशीन समतल बसवायला शिकलो, केसाइतका कल कधी खपवून घेतला नाही, आणि आता मलाच सरळ उभं राहता येईना.

महिनाभर दुकानातून चक्करच्या गोळ्या आणून खातोय. मान हलवत नाही. कुणी हाक मारली तर अख्खा वळतो. बायकोशीही खोटं बोललो, प्रतिभाला सांगितलंय, मान आखडली. मला वाटतं, मेंदूतच काही आहे. अक्षता पडत असताना मी पोरीच्या अंगावर कोसळलो तर? लोक काय म्हणतील ते द्वारकेला ऐकून झालंय.

लोभ आहेच, तो माझ्यासारखा डगमगू देऊ नकोस.
तुझा
सोमनाथ


सटाणा
८ नोव्हेंबर

चि. सोमनाथ यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. सासूबाईंचं अहिराणीतलं म्हणणं, नजर लागेल शे, दृष्टच लागली. त्यांनी तुझ्या नावानं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्यासुद्धा. माझं म्हणणं वेगळं. दर खेपेला आमच्या भिंतीवरचा फोटो सरळ करणारा माणूस स्वतःचं डोकं तपासून घेत नाही, याला काय म्हणू? मी प्रतिभाला फोन करून सगळं सांगितलंय. आधी रडली, मग चिडली. आता ती नेईल तिथे मुकाट जा. दुसरा मामा आणू कुठून? आईनं एकच दिलाय.

काळजीत असलेली,
ताई


सातपूर
२५ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या फितुरीमुळे दवाखाना घडला. मला वाटलं होतं, एक डॉक्टर दुसऱ्याकडे धाडेल, दुसरा तिसऱ्याकडे, आणि तोवर मी संपेन. इथे कानाच्या मॅडम, मेंदूचे डॉक्टर, फिजिओथेरपीच्या बाई आणि समुपदेशक असे सगळे एकाच टेबलाभोवती, आणि मध्ये मी. मेंदूचा फोटो चांगला आला. उजव्या कानाच्या आतली, तोल सांभाळणारी नस सुजून कमजोर झाली आहे. ती पुरती सुधारेलच असं नाही. पण मेंदू नव्यानं तोल शिकतो म्हणे, फक्त डोकं हलू द्यायला हवं. मी नेमकं उलटं केलं. मान बांधून ठेवली आणि गोळ्या खाऊन मेंदूला गुंगवलं.

समुपदेशक म्हणाले, आता अर्धा आजार भीतीचा आहे. मी तावातावानं उठलो आणि भिंत धरून परत बसलो. मग त्यांनी विचारलं, भीती नेमकी कशाची. लग्नाचं सांगितलं.

काल काय केलं असेल या लोकांनी? बाईंनी चादरीचा अंतरपाट धरला, एक नर्स नवरी झाली, मेंदूचे डॉक्टर बेसूर मंगलाष्टकं म्हणू लागले आणि कानाच्या मॅडमनी माझ्यावर कापसाचे बोळे उधळले. बाई म्हणत होत्या, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, आता वर. भिंती फिरल्या, घाम फुटला. दुसऱ्याच मंगलाष्टकाला मी नर्सचा खांदा घट्ट धरला. प्रतिभा हसता हसता डोळे पुसत होती.

ताई, मला फार भीती वाटते गं.

तुझा
सोमनाथ


सटाणा
३० नोव्हेंबर

चि. सोमनाथ, अ. आ.

मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या आईनं लग्न बघायचं नसतं, तुळशीला पाणी घालत बसायचं असतं, हे तुला ठाऊक आहे. मी सासूबाईंना सांगून टाकलंय, तुळशीपाशी जाऊबाई जातील. मी तुझ्या मागे उभी राहते. कललास तर धरीन. सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. स्नेहल म्हणते, मामानं खुशाल खांदा धरावा, माझेही पाय लटपटणारच आहेत.

ये रे बाबा.
ताई


सातपूर
३ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

समोर आलो तर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहून पाठवतो.

कालच्या तालमीत शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत उभा राहिलो. झुललो, पण पडलो नाही. बाई म्हणतात, झुलणं म्हणजे पडणं नव्हे. भीती मात्र तशीच आहे. येताना द्वारकेला प्रतिभाचा हात सोडला नाही. कुणी हसलं असेल तर हसो. आणि हो, तो भिंतीवरचा फोटो या खेपेला वाकडाच राहू दे.

पण रविवारी लग्नात तू तुळशीपाशीच जा. सासूबाईंशी भांडण माझ्या पायांवरून नको. कळशी काठोकाठ भरून घे आणि धार बारीक धर. ती रिकामी होईपर्यंत मी उभा असेन.

तुझा
सोमनाथ