लाल शाईतलं पान

प्रिय ग्रंथकार बंधुराज,

चार दिवसांत तुझे सहा निरोप आले. पणजोबांच्या नोंदवहीतल्या त्या पानाचा फोटो पाठव, पुस्तकाची छपाई अडलीय, मुखपृष्ठावर तेच पान हवंय. अरे, या दप्तरखान्यात मी एकटी, छतापर्यंत गठ्ठे, आणि चढायला एकच स्टूल, त्याचाही एक पाय लंगडा. मी कपाट उघडायचं आणि इतिहास टपकन हातात पडायचा, असं वाटतं का तुला? हात टेकले तुझ्यापुढे.

त्यात तुझं ते पहिलं प्रकरण. शत्रूची अर्धी फौज नदीकाठी, अर्धी टेकडीमागे, आणि मनोऱ्यावर बाराचे टोले पडले की दोन्हीकडून एकदम चाल करायची असा त्यांचा बेत. मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी द्यायचं काम पणजोबांकडे. ते छाती फुगवून लंबक धरतात, टोले पडत नाहीत, एक तुकडी वाट बघत बसते, दुसरी कंटाळून एकटीच घुसते, मार खाते आणि शहर वाचतं. ठीक आहे, आपण दोघं हेच ऐकत मोठे झालो. पण फौजेचा बेत पणजोबांना सांगितला कोणी, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा बाबांनी मला गप्प बसवलं होतं आणि तू फिदीफिदी हसला होतास. म्हणून आता हे तुला ऐकावंच लागेल.

नोंदवही सापडली. घड्याळ बंद पडलं की लाल शाईने कारण लिहायचं आणि खाली सही करायची, हा आपल्या घराचा नियम तू विसरला नसशील. पण नेमकं त्या दिवसाचं पान मिळेना. मग बघते तर दोन पानं खळीने चिकटवलेली. ही आजोबांचीच करामत असणार, त्यांचं काम असंच ओबडधोबड. किटलीच्या वाफेवर धरून सोडवताना माझी अख्खी दुपार गेली. आत पणजोबांचं टपोरं अक्षर: 'चावी द्यायला विसरलो. पावणेबाराला घड्याळ बंद पडलं. चूक माझी.' खाली सही. बेताचा उल्लेख नाही, लंबकाचा नाही. शहर वाचवलं आणि वर माफी मागून मोकळे झाले.

मला आधी हसू आलं, मग तुझा राग आला, आणि मग बाबांचा. तू एकोणीस वर्षांचा होतास. बाबा तापाने पडून होते, तू चावी द्यायला विसरलास आणि घड्याळ थांबलं. ही काही जगबुडी नव्हती. पण बाबांनी भर दारात, शेजाऱ्यांसमोर पणजोबांचं नाव घेऊन तुझी लाज काढली. त्यानंतर तू मनोऱ्याची पायरी चढला नाहीस. वर्षातून एकदा पाहुण्यासारखा येतोस, बॅगसुद्धा पूर्ण उघडत नाहीस. आणि आता त्याच पणजोबांवर तीनशे पानं लिहिलीस. ती कोणाला दाखवायला लिहिलीस, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. तुम्ही दोघं वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाही आणि मधल्यामधे जीव माझा जातो.

ते पान मी बाबांना दाखवलं. खूप धीर करून दाखवलं. दोन दिवस ते ताटातलं अर्धं तसंच टाकून उठायचे. मला वाटलं, म्हातारपणी उगाच दुखावलं यांना.

आज सकाळी बुटांना पॉलिश करता करता स्वतःहूनच बोलले. एक तारखेला मनोऱ्यावर विजेचं यंत्र बसतंय, म्हणजे येत्या रविवारी हाताने शेवटची चावी द्यायची. त्यांचे गुडघे आता तेवढे जिने चढू देत नाहीत. मी देते म्हटलं, तर नाही म्हणून मान हलवली. म्हणून हे पत्र, फोटोसाठी नाही. फोटो सोबत आहे, छापायचा की फाडायचा ते तू बघ. बाबांचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "त्याला बोलाव. शेवटची चावी त्याने द्यावी. आणि विसरला तर विसरला म्हणावं, आपल्या घरात तो काही पहिला नाही."

तुझीच,
वाफेने बोटं भाजून घेतलेली ताई