कार्ड रिकामं का निघालं

इंदिरानगर, नाशिक
शुक्रवार, दुपार

प्रिय कुंदन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून देशील, असं मी धरून चालले आहे. तरी लिहितेय. फोन केला असता तर तू 'बरं' म्हणून ठेवून दिला असतास आणि मलाही मध्येच थांबायला निमित्त मिळालं असतं. चांदवडला तुझं बरं चाललंय असं ऐकते. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. नाशिकमध्ये तुला कुणी काम का देत नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. सुरगाण्याकडच्या त्या मुखवट्यांचे फोटो तू पुसलेस, असं इथे अजून म्हणतात. ते पहिल्यांदा मी म्हटलं होतं.

बुधवारी संध्याताईंच्या चिनी मातीच्या भांड्यांचे कॅटलॉगसाठी फोटो काढायचं काम होतं. तू त्यांना ओळखत नाहीस, त्या तुझ्यानंतरच्या. पाच वाजता टेम्पो येऊन भांडी बाहेरगावी जाणार होती, म्हणजे पुन्हा फोटो काढायची सोय नाही. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडलेला, एकेक फोटो पडद्यावर उमटतोय, आणि संध्याताई माझ्या मागे उभ्या राहून "कपाचा कान जरा उजवीकडे घे गं" करताहेत. साडेतीनला पडदा काळा झाला. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. एकशे दहा फोटो होते. मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून जुन्या संगणकाला लावलं. फोल्डर उघडलं. सगळे फोटो होते. संध्याताई मटकन खुर्चीत बसल्या. "देवा! अगं, तू आहेस म्हणून निभावलं. तो तुझा कार्ड पुसणारा पार्टनर असता ना, तर कॅटलॉगमध्ये मी टेम्पोवाल्याचा फोटो छापला असता!" भांडी बांधायला आलेल्या दोघी बायका खदाखदा हसल्या. मीही हसले, कुंदन.

तेव्हापासून तीन वर्षांपूर्वीचं, सुरगाण्याकडचं रावजीबाबांचं अंगण डोळ्यांसमोरून हलत नाहीये. बोहाड्याच्या उत्सवात देवांची सोंगं नाचवायचे जुने तेवीस मुखवटे, त्यांच्या वडिलांनी कोरलेले, किडीने पोखरलेले. गावाने ठरवलं होतं की दुसऱ्या दिवशी सकाळी ते नदीला द्यायचे आणि नवे कोरायला घ्यायचे. जाण्याआधी एकदा नीट फोटो काढून ठेवा, म्हणून आपल्याला बोलावलं होतं. "बाच्या हातचं यवढंच हाय बाई," रावजीबाबा तुझ्यादेखत म्हणाले होते. "दिवस बुडायच्या आत घरात घ्याया लागतील, लवकर उरका." तू दर पाच मुखवट्यांनंतर म्हणत होतास, "प्रतिभा, पाच मिनिटं दे, वेगळ्या डिस्कवर घेतो." आणि मी दर वेळी म्हणत होते, "कार्डावर पडताहेत ना, डिस्कचं घरी बघू." त्यांच्या घरच्या ठमाबाईंनी आणलेला चहासुद्धा मी तुला पिऊ दिला नाही.

मग सामान चढवताना लॅपटॉप जीपच्या टपावरून खाली दगडावर पडून आतल्या डिस्कसकट फुटला. तोही तुझ्या हातून नाही, माझ्याच ओढण्याने. घाटभर तू खिशातल्या कार्डावर हात ठेवून बसला होतास. "हे आहे ना, काही होत नाही," असं मलाच समजावत होतास. नाशकात येऊन लावलं तर कार्ड कोरं. त्याच आठवड्यात एका साखरपुड्याच्या आधी तू तेच कार्ड पुसलं होतंस, ते मला आठवलं आणि मी स्टुडिओत सगळ्यांसमोर ओरडले, "तूच पुसलंस!" तू म्हणालास, "फोटोंना मी हातसुद्धा लावला नाही गं." एकदाच म्हणालास. नंतर काहीच बोलला नाहीस, आणि त्या गप्प बसण्याचा मी मला हवा तसा अर्थ लावला.

आता जे लिहायचंय त्यासाठी दोन दिवसांत तीन कागद फाडले. तुझ्यावर ओरडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या कामासाठी कॅमेरा हातात घेतला. त्याच्या मेनूत 'फोटो कुठे ठेवायचे' यापुढे 'फक्त संगणक' असं होतं. अंगणात फोटो लॅपटॉपवर हळूहळू येत होते, रावजीबाबा सूर्याकडे बघत होते, म्हणून केबल जोडल्यावर घाईत मीच ते बदललं होतं, त्याने कार्डावर पडणं थांबतं हे लक्षातही न घेता. कार्डावर एकही फोटो कधी पडलाच नव्हता. पुसायला काही नव्हतंच. मग अंगठ्याने दोनदा दाबलं, ते 'दोन्हीकडे' केलं, आणि कामाला निघून गेले. त्या वेळी तू अजून नाशकातच होतास. तुझं सामान न्यायला चार दिवसांनी आलास, तेव्हा मी तुला किल्ली दिली आणि पावती मागितली. म्हणजे बुधवारी मला काही नवीन कळलं, असं समजू नकोस. मला तीन वर्षं माहीत आहे. बुधवारी ज्या काळजीबद्दल माझी पाठ थोपटली गेली, ती मी कुठे शिकले ते फक्त मला माहीत होतं.

काल संध्याताईंना फोन करून सांगितलं. त्यांनी पुढचं काम काढून घेतलं. "फोटो गेले ते मी समजू शकते गं," एवढंच म्हणाल्या. मग आज सकाळी रावजीबाबांना लावला. नवे मुखवटे पुरे झालेत, पुढच्या गुरुवारी बोहाडा आहे, आणि त्याआधी मंगळवारी त्यांनी मला फोटोला बोलावलं होतं. 'त्या दुसऱ्याला आणू नको' असं बजावून. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "त्या पोराला आम्ही तीन वर्सं शिव्या दिल्या बाई. आता फोटू त्योच काढंल. तू नको येऊ." म्हणून हे पत्र. त्यांच्याकडे तुझा नंबर नाही आणि तुला न विचारता तो मी द्यायचा नाही, एवढं तरी मी या वेळी पाळतेय. त्यांचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. तुझ्या नावावरचा तो ठपका मी इथे एकेकाला फोन करून काढून टाकतेय, अजून नऊ जण राहिलेत. जायचं की नाही ते तू ठरव. गेलास तर मंगळवारी तुला कुणी घाई करणार नाही, दर पाच मुखवट्यांनंतर थांब.

तुझीच म्हणायचा हक्क न मागता,
प्रतिभा