गवती चहा आणि राहीबाईचा तांब्या

१ नोव्हेंबर १९४३, सोमवार
चहाची पूड संपली. शेवगावचा दुकानदार म्हणतो, आली तर कळवीन. लढाई कुठे चाललीय आणि कप आमचा रिकामा! आमचे मास्तर शाळेत जाताना दारातच घुटमळले. बारा वर्षांत त्यांना चहाशिवाय घराबाहेर पडताना पाहिलं नव्हतं.

कुंपणापलीकडच्या राहीबाईला सांगितलं. तिनं परसातल्या गवती चहाची मूठभर पाती कापून दिली. अकरा वर्षांचा शेजार. माझ्या बाळंतपणात तीन रात्री उशाशी बसली, पण पाणी प्यायला आपल्या घरी जायची. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले. गावाच्या लेखी आमची पाणवठ्याची जागा होती तीच राहिली. राहीबाईला दोष देत नाही. पण राग येतोच.

आज ठरवलं — हा हिवाळा संपायच्या आत ती माझ्या घरचा चहा पिईल.

३ नोव्हेंबर
पाती चिरली, आलं ठेचलं. साखर कार्डावर मिळते तेवढीच, म्हणून गूळ टाकला. उकळत्यातच दूध ओतलं. फाटलं! मास्तर म्हणाले, "ताक छान झालंय." शहाणे.

५ नोव्हेंबर
आज दूध घातलं नाही. पण पाती इतकी उकळली की कडूजहर. उद्या पुन्हा.

१२ नोव्हेंबर
जमलं. आधण आलं की पाती टाकायची, लगेच उतरवून झाकायचं. गूळ शेवटी, बरोबर तुळशीची चार पानं. दूध नाहीच. मास्तरांनी दुसरा कप मागितला.

राहीबाई खोकत होती. हाक मारली, "थोडा चहा देऊ का?"

"नगं गं. आत्ताच झालाय माजा."

पूड साऱ्या गावात नाही, हे दोघींनाही ठाऊक.

२४ नोव्हेंबर, बुधवार
माझ्या हातानं घात केला. राहीबाईचा खोकला ऐकवेना, म्हणून बांधावरची तुळस तोडली, चहा केला आणि तिच्या ओट्याशी नेला. ती तांब्या घेऊन बाहेर आली. तांब्या पुढे धरला! मी वरून ओतणार, तोच तिनं विचारलं, "तुळस कवा तोडली?"

"आत्ताच. सकाळी."

तिनं तांब्या मागे घेतला. "आज दुवादस हाय, हन्नाबाई. दुवादशीला कुनी तुळस तोडतं व्हय?"

सगळं पाहिलं, तिथी पाहिली नाही. आमच्या घरात कोण पाहतं? काल तोडली म्हटलं असतं तर ती प्यायली असती. हे सुचलं घरी आल्यावर. वेळेवर सुचलं असतं तर खोटं बोलले असते का? नाही, असं वाटतं. नक्की नाही.

२५ नोव्हेंबर
मास्तरांना कुलकर्ण्यांकडे पाठवून पंचांगातल्या सगळ्या द्वादशी-अमावास्या उतरवून आणल्या. रविवारीही तोडत नाहीत म्हणे. यादी स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवली.

२८ नोव्हेंबर, रविवार
चर्चचे पाळकसाहेब भक्तीनंतर घरी आले. नेमके दाराकडेच पाहत होते. "हन्नाबाई, हे काय?" म्हटलं, "औषधाचं वेळापत्रक." मास्तर हसू दाबत बाहेर गेले.

२ डिसेंबर
आज मीच आधी सांगितलं, "काल चवथ होती. काल तोडलीय."

राहीबाई हसली, इतकी की पुन्हा खोकला आला. मग म्हणाली, "औषद म्हनून घेती हं." तिच्या तांब्यात मी वरून ओतलं, तांब्याला न शिवता. ती ओट्यावर उभ्यानंच प्यायली.

आनंद झाला. घरी येऊन रडले मात्र. औषध कुणाच्याही हातचं चालतं. माझा चहा अजून तिनं घेतलेला नाही.

१४ डिसेंबर
रोज सकाळी तांब्या घेऊन कुंपणाशी येते. द्वादशीला तुळस वगळली होती, तर म्हणाली, "आज चव न्हाई." मनातून बरं वाटलं.

२० डिसेंबर
राहीबाईचा खोकला थांबला. देवाचे आभार मानले. मग लक्षात आलं, आता तांब्या येणार नाही. पुन्हा थोडा खोकला यावा, असं क्षणभर मनात आलं. शरम वाटली.

२३ डिसेंबर
तीन दिवस आली नाही. मी तिच्या वाटणीचं पाणी आधणात टाकतेच आहे. मास्तर म्हणतात, "उरतो रोज." उरू दे. टाकणारच.

२८ डिसेंबर
आधण ठेवलं होतं. राहीबाई आली. हातात तांब्या नव्हता. उंबरा ओलांडून आत आली, चुलीशी बसली. म्हणाली, "तुज्या कपात दे. औषद नगं, चहा दे."