कंदील विझला नाही

जुने शहर, अकोला
३ मार्च २०२५

ती. साधनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हो-हो करतो आणि विसरतो, असा तुझा आरोप. म्हणून हा कागद.

बुडालेल्यांना शोधणाऱ्या आमच्या पथकाचे सिलिंडर हवा भरायला नागपूरला पाठवावे लागतात, हे तुला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात धारणीकडच्या एका डोहावर गेलो तेव्हा चारातले दोनच भरलेले होते. एक माय दोन दिवस काठावर बसून होती आणि आम्ही हवेची वाट पाहत होतो. पाण्यात उतरणारा आमचा श्रावण त्या दिवशी तिच्याकडे पाठ करून बसला.

म्हणून घरीच हवा भरायचा कंप्रेसर घ्यायचं ठरलं आहे. पंक्चरवाल्याचा नव्हे, हा ट्रकच्या टायरच्या पंचवीसपट दाब देतो. विजेचा घेतला तर थ्री-फेज लागते आणि धरणावर नेता येत नाही. पेट्रोलचा गाडीत टाकला की झालं. नागपूरचा एक जण जुना पेट्रोलचा पंधरा दिवस वापरून पाहायला देतो आहे. माझं मन तिकडे आहे.

श्रावण विचारतो की हवा चांगली आहे हे कळणार कसं. आई म्हणाली, त्यात काय, विहिरीत उतरायच्या आधी तुझे बाबा कंदील सोडून पाहत, तसं पाहा. चंदाला इतकं हसू आलं की पोळी करपली. रसायनशास्त्र तू शिकवतेस. तू म्हणशील तसं करू.

लोभ आहेच, तो वाढवायला दिवाळीपर्यंत थांबू नकोस.

तुझा,
शेखर


अमरावती
८ मार्च २०२५

चि. शेखर यास,
अनेक आशीर्वाद.

पत्रात एकही खाडाखोड नाही, म्हणजे तुझ्या बायकोने शेजारी बसून लिहून घेतलं असणार. तिला शाबासकी, पण आईला हसल्याबद्दल नाही.

बाबांचा कंदील हे खूळ नव्हतं. पंधरा वर्षं मी तोच धडा वर्गात शिकवते आहे. भरलेल्या सिलिंडरमधली हवा काचेच्या बरणीत हळूहळू सोड, आत मेणबत्ती ठेव. ज्योत जळते म्हणजे हवा चांगली. शिवाय दूध नासलं का पाहतो तसा वास घे; तेलाचा आला तर मशीनची गाळणी बदल. दोन्ही ठीक असलं की श्रावणला सांग, निर्धास्त उतर.

ऊन वाढलं आहे. आईला दुपारी बाजारात जाऊ देऊ नकोस. ऐकणार नाही, तरी सांग.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई


अकोला
१८ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

श्रावण बरा आहे, हे आधी. फोनवर तू रडत होतीस म्हणून नीट सांगता आलं नाही.

रविवारी खुशालरावांच्या शेतातल्या विहिरीत सराव होता. माझा फोन झाडाखाली पिशवीत. दुसऱ्या डुबकीच्या आधी श्रावण म्हणत होता की डोकं लय दुखून राहिलं, पण ते उन्हाचं असंल. मीच त्याला म्हटलं, खाली गार आहे, उतर. तो उतरला, तेवढ्यात चंदा मोबाईल धरून बांधावरून धावत आली आणि ओरडली की ताई म्हणून राहिल्या त्याले आत्ताच्या आत्ता वर काढा, काहून ते मागून विचारा. आम्ही दोर ओढला. काठावर आल्यावर त्याला उलटी झाली.

दवाखान्यात ऑक्सिजन दिला. संध्याकाळी चहा मागितला, तेव्हा मी जिन्यात जाऊन बसलो. डॉक्टर म्हणाले, इंजिनाचा धूर रक्तात गेला. मशीन आम्ही चार भिंतींच्या अंगणात चालवलं होतं. हवा ओढणारी नळी सायलेन्सरपासून चार हातांवर.

मेणबत्ती पाहिली होती, ताई. ज्योत सरळ होती. वासही नव्हता.

श्रावणला मी सांगितलं की मशीन खराब निघालं. तुझ्या पत्राचं बोललो नाही. तूही बोलू नकोस. मशीन परत गेलं.

तुझा,
शेखर


अमरावती
२१ मार्च २०२५

चि. शेखर यास आशीर्वाद.

रविवारी सकाळी डायरीत तुला लिहिलेलं आठवून उतरवत होते. 'ज्योत जळते म्हणजे हवा चांगली' इथे पेन थांबलं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, आणि खोलीतला दिवा मात्र जळत असतो. हेही मी वर्गात सांगते, निराळ्या धड्यात. त्या विषाला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नाही आणि ज्योतीला ते कळत नाही. बाबांचा कंदील विहिरीसाठी खरा होता. इंजिनासाठी मी तो खरा ठरवला. माहीत नसतं तर एक गोष्ट. मला माहीत होतं आणि मी जोडून पाहिलं नाही.

आता न विचारता सांगते. विजेचाच घे. धरणावर मशीन नेण्याऐवजी आणखी चार सिलिंडर घ्या आणि घरून भरून न्या. हवेची नळी गच्चीवर, रस्ता आणि चूल दोन्हींपासून लांब. गाळणी किती तास चालली ते लिहून ठेवत जा. अकोल्याच्या उन्हात ती पुस्तकात लिहिली आहे तितकी टिकणार नाही. भरायला परवाना लागतो का ते विचार. आणि हवा प्रयोगशाळेत तपासून घे.

श्रावणपासून लपवू नकोस. तो माझ्या शब्दावर उतरला, तो शब्द कुणाचा होता हे त्याला कळायला हवं. हे पत्र त्याला वाचून दाखव. एक ओळ गाळू नकोस. मग त्याने मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुझी,
साधना


अकोला
२० एप्रिल २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विजेचा आला. परवान्याने महिना खाल्ला. नळी गच्चीवर चढवली आहे. चंदाचे पापड आता नळीशेजारी वाळतात, त्यांनाही शुद्ध हवा, असं ती म्हणते. तपासणीचा अहवाल गुरुवारपर्यंत येईल.

पत्र श्रावणला वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही. त्याने ऐकलं, कपबशी विसळून ठेवली आणि गेला. तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी येऊन म्हणाला की ताईले सांग, चुकल्या त्या सांगून चुकल्या, बाकीचे लपवून चुकतात. पण आता आपल्याले तपासणीचा कागदही नको अन् कंदीलही नको. या मशीनच्या पयल्या सिलिंडरचा पयला श्वास ताईचा. मग आपण उतरू. नाही तर नाही.

मी त्याला समजावलं. आई मध्येच म्हणाली की बरोबर बोलून राहिला तो.

काय कळवू त्याला?

तुझा,
शेखर


अमरावती
२४ एप्रिल २०२५

चि. शेखर,

रविवारी सकाळच्या पहिल्या बसने येते. अहवाल काढून ठेव. आधी तो शेवटपर्यंत वाचीन.

सिलिंडरची नळी तोंडात कशी धरायची ते मला येत नाही. श्रावणला म्हणावं, त्यानेच शिकवावं.

ताई