दोरीवरचे तीन लंगोट

मावशी, एका लंगोटाला खरं काय पडतं ते मी आज बसून काढलं. पैशांत नाही, तो हिशेब कुणीही करील. एक लंगोट तीन पाण्यांतून काढायचा म्हणजे अर्धी बादली धरा. ही अर्धी बादली आमच्याकडे टँकरमधून खालच्या टाकीत येते आणि तिथून मोटरने चौदा मजले वर चढते. मग दोन तासांचं कडक ऊन. झटकणं, वाळत घालणं, काढणं, घडी करणं, यात माणसाची पाच-सहा मिनिटं. बाळाच्या आजीच्या गुडघ्यांची एक उठबस. आणि शेवटी एक नजर, वाडीत जाता-येता दोरीवर तुम्ही टाकायचात तशी. ती फुकट असते असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

तुम्ही गेलात त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. गासला तुमच्या वाडीत, मोटरखोलीला लागून जी एक खोली होती तिच्यात बायकोला घेऊन राहणारा, कोकणातून आलेला, मोटर वाइंडिंगच्या दुकानात हाताखाली काम करणारा तो मी. आता कामणला माझे स्वतःचे दोन गाळे आहेत, हाताखाली नऊ माणसं आहेत, आणि नायगावला खाडीच्या बाजूला चौदाव्या मजल्यावर घर आहे. पोट सुटलंय, केस गेलेत, पण कान तसाच आहे. गिऱ्हाइकाने फोनवरून मोटर ऐकवली तर बेअरिंग गेलंय की शाफ्ट घासतोय हे मी इथून सांगतो, आणि उघडल्यावर तेच निघतं. बढाई वाटेल. आहेच. पण गेल्या आठवड्यापासून मी याहून मोठी एक बढाई भेटेल त्याला सांगत सुटलोय, की नातवाला मी वाचवला, लंगोट मोजून. ती तुमच्यापाशी सांगितल्याशिवाय पुरी होत नाही, कारण मोजायला तुम्ही शिकवलंत.

माझी मुलगी तुमच्या त्या खोलीत दीड महिन्याची झाली तेव्हा थंडीचे दिवस होते. पहाटेच्या पाण्याने बायकोच्या हातांना भेगा पडल्या होत्या. तुमच्या एका जुन्या लुगड्याचे बारा लंगोट तुम्हीच फाडून दिले होते. काठ बोचतो म्हणून आधी काठ कापून बाजूला काढलात, आणि मी मात्र काठच किती चांगला आहे ते बघत होतो. नारळ आणि चिकूच्या मध्ये लंगोटांची वेगळी दोरी. तुम्ही वांगी तोडायला निघालात की त्या दोरीखालून जायचात, मान वर न करता नुसते डोळे फिरायचे. एका संध्याकाळी मी सोपाऱ्याच्या बाजारातून मोठ्या ऐटीत प्लास्टिकची चड्डी घेऊन येतो. तुम्ही ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या आहात.

“काय आनलंस?”

“प्लास्टिकची चड्डी, मावशी. आत लंगोट, वरून ही. चार-चार तास बघायला नको.”

“म्हंजे पोरगी मुतली का नाय ते कोनाला कळनार? तुला का या चड्डीला?”

“ओली झाली की रडेल की.”

“आनि नाय रडली तर?”

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. चड्डी माझ्या हातातून घेऊन शेजारी ठेवलीत आणि शेंगा सोलायला लागलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, “माझा पयला पोरगा. भातकापनीचे दिवस होते. सासू बोलायची, तुझं धुनं संपत नाय. एक दिवस दोरीवर चारच फडकी. पोर गपचीप निजलेला. मला बरं वाटलं रे. जरा पाठ टेकली.” सुपातल्या शेंगा तुम्ही एकदा हलवल्यात. “दुसऱ्या दिवशी धुनंच नव्हतं.”

खोलीतून माझी मुलगी रडत होती. तुम्ही म्हणालात, “धुनं वाढलं तर घाबरू नको. कमी दिसलं का घाबरायचं. जा, पोरीला बघ.” मी “हो मावशी” म्हणालो आणि आत गेलो. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशी द्यायची एक मोटर होती. तुमच्या पोराचं हे मी बायकोला सांगितलं नाही, मुलगी मोठी झाल्यावर तिलाही नाही. ती चड्डी पुढे तुम्ही वाडीतल्या मोटरच्या स्टार्टरवर चढवलीत, पाणी जाऊ नये म्हणून. दोन पावसाळे ती तिथे होती. स्टार्टरला मात्र अगदी मापाची बसली होती.

तीच मुलगी या उन्हाळ्यात माझ्याकडे बाळंतपणाला आली. जावई पुण्याला, सुट्टीच्या दिवशी येऊन-जाऊन. आणि आमच्या घरात सगळं उलटं. मुलगी म्हणते, “मी पाकिटातले डायपर नाही लावणार, रॅश येतात, कचरा किती होतो.” तिची आई म्हणते, “तुला लंगोटांत वाढवली तेव्हा मला गुडघे होते. आता लावायचा आणि टाकायचा. नाहीतर तुझे वडील धुणार आहेत का?”

“धुईन की,” मी पेपरातून म्हणालो.

“ऐकलंस ना? विसरतील. लिहून घे.”

अशी ती जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. मशीन धुतं, पण वाळत घालणं, काढणं, घड्या माझ्याकडे. मुलीने मागवलेले बटणवाले फुलाफुलांचे कापडी डायपर दिसायला सुरेख, पण जाड, वाळता वाळेनात. शेवटी मी बायकोची एक मऊ सुती साडी फाडली. काठ आधी कापला. बायको बघतच राहिली, “हे तुम्हाला कोणी शिकवलं?” मी म्हणालो, गासच्या मावशीने. “मग त्यांनी घड्याही शिकवल्या असत्या तर बरं झालं असतं,” ती म्हणाली, आणि माझी वाकडी घडी उलगडून परत घातली. पहिले दिवस रोज अकरा, कधी बारा. आमची गॅलरी पश्चिमेला, दुपारी एकनंतर मिठागरांवरून ऊन थेट अंगावर येतं. गाळ्यावरून मी जेवायला येतो तो आता चार वाजेपर्यंत थांबायला लागलो. समोरच्या इमारतीतले गृहस्थ ओरडून विचारायचे, “काका, दुकान टाकलं काय?”

बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. पाळणा भाड्याने आणून हॉलमध्ये उभा केला, फुलवाल्याशी बोलणं झालं, कोकणातून भाऊ यायचा होता. उकाडा असा की पंख्याखाली घाम यायचा. बाळ मात्र गुणी. बायको फोनवर सगळ्यांना सांगायची, “नावालाही रडत नाही हो. आजोबांवर नाही गेला. आजोबा बोलायला लागले की इमारत खाली उतरते.” मीही गाळ्यावर सांगितलं, आमचा नातू सायलेंट मॉडेल आहे. माणसं हसली. दहावा दिवस असा गडबडीत गेला.

अकराव्या दिवशी चार वाजता मी लंगोट काढायला गॅलरीत जातो. दोरीवर तीन. तिन्ही कडक वाळलेले. चिमट्यांची टोपली भरलेलीच, कारण चिमटे लागलेच नव्हते. खाली टाकीची मोटर सुरू झाली. ती रोज याच वेळेला सुरू होते आणि तिचा आवाज अगदी साफ आहे, तिची कॉइल मीच भरून दिलीय. तो साफ आवाज ऐकत मी उभा राहिलो, आणि ओट्यावरून तुमचा आवाज आला. आनि नाय रडली तर?

आत जाऊन मी विचारलं, “याने शू केव्हा केली?”

“सकाळी,” मुलगी म्हणाली. “सकाळी आईने बदललं ना.”

“मी कुठे? मी हलवायाशी फोनवर होते. मला वाटलं तू बदललंस.”

“बदललंय कुणी?” मी विचारलं. मुलगी म्हणाली, “पप्पा, झोपलाय तो. नका उठवू.” मी उठवला. मान हातात राहीना. ओठ सुकलेले, अंगाला हळदीसारखी झाक. तळपायाला टिचकी मारली. त्याने तोंड उघडलं, रडायला उघडतात तसं पूर्ण उघडलं, आणि आवाज आला नाही. मी आयुष्यभर आवाजावर पोट भरलंय. बिघाड झाला की यंत्र ओरडतं, एवढंच मला माहीत होतं.

गाडी मी कशी चालवली आठवत नाही. लहान मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाचं वजन केलं, पोट दाबून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “चोवीस तासांत लघवी किती वेळा झाली?” मुलगी रडायला लागली. बायको म्हणाली, “होते की, करतो तो.” मी म्हणालो, “काल चारपासून आज चारपर्यंत तीन.” त्यांनी मान वर केली. “तुम्हाला कसं माहीत?” “दोरीवर मोजले.” त्या म्हणाल्या, अंगातलं पाणी फार कमी झालंय, कावीळही वाढलीय, बाळ ओढतंय पण दूध पोटात जात नाही. दाखल करावं लागेल. मग जाता जाता म्हणाल्या, “आजोबा, पुष्कळांना हे सांगताच येत नाही. अजून रात्र गेली असती तर कठीण होतं.” हेच वाक्य मी पुढे सगळ्यांना ऐकवलं. भावाला, जावयाला, गाळ्यावर, समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांना.

पण त्या संध्याकाळी बाकावर बसून मी ऐकवण्याच्या अवस्थेत नव्हतो. दाराआड यंत्रं वाजत होती. मावशी, मला यंत्राचा आवाज कळत नाही असं आजवर झालं नव्हतं. तिथे एकही कळला नाही. टीं टीं चाललेलं असायचं, मध्येच एखादं सूर बदलून घाईने वाजायचं आणि मी बाकावरून अर्धा उठायचो. एकदा मी उठून दार ढकललंच. नर्स म्हणाली, “काका, सलाईन संपल्याचं वाजतंय. बसा तुम्ही.” काचेच्या पेटीत एवढंसं अंग, डोळ्यांवर पट्टी, निळा उजेड. मी बसलो आणि एकाच गोष्टीची वाट बघत राहिलो. तुमच्या त्या दुसऱ्या दिवसाची दोरी माझ्या डोळ्यांपुढून हलेना, नारळापासून चिकूपर्यंत नुसता सुंभ. ती मी पाहिलेलीही नाही. सुपातल्या शेंगा हलवताना तुम्ही काय बघत होतात ते मला इतक्या वर्षांनी त्या बाकावर कळलं, आणि “हो मावशी” म्हणून मी किती सहज उठून गेलो होतो तेही.

आठ वाजून गेल्यावर नर्स बाहेर आली. “झाली,” म्हणाली. तिथे पाकिटातलाच डायपर, तो ती काट्यावर ठेवून तोलायची. “किती?” मी विचारलं. ती हसली, “भरपूर, काका.” बायको पदराने तोंड झाकून रडली. दुसऱ्या दिवशी त्या नर्सनेच तिला शिकवलं, बाळ पिताना ओढण्याचा आवाज ऐकायचा नाही, गिळण्याचा ऐकायचा. आता मुलगी पाजत असताना बायको शेजारी कान देऊन बसते आणि मी हॉलमध्ये तिच्या “हं” ची वाट बघतो. ते ऐकायचं काम तिचं आहे. माझ्या कानांचा तिथे उपयोग नाही.

बाळ घरी येऊन पाच दिवस झाले. काल दहा, आज दुपारपर्यंत सहा. तरी मी मोजतो, आत येतो, परत जाऊन मोजतो. झोपलेलं दिसलं की तळपायाला बोट लावतो, आणि ते कुरकुरलं की मुलगी रागवायच्या ऐवजी माझ्याकडे अशी बघते की मला नजर द्यावीशी वाटत नाही. पाळणा परत गेला, बारसं पुढे ढकललंय. मुलीचं जेवण कमी झालंय. परवा घड्या घालताना शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “पप्पा, मी आई असून मला नाही कळलं. तुम्हाला कळलं.” डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलंय की तुझी चूक नाही, पहिल्या खेपेला उन्हाळ्यात असं होतं. तिला पटत नाही. पटेल कसं, रोज तिच्यासमोर मी फोनवर माझीच गोष्ट सांगत असतो.

तिला एक गोष्ट सांगितली तर तिला थोडं हलकं वाटेल, हे मला कळतं. दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हणालो, पंखा वाढवू का. एकदा म्हणालो, चहा ठेवतो. तुम्ही तर मला, भाड्याच्या खोलीतल्या परक्या माणसाला, शेंगा सोलता सोलता सांगून टाकलंत. ही पानं मी चिमट्यांच्या टोपलीखाली घालून ठेवतो. टपालाने तरी कुठे धाडणार? मोजलं मी, हे खरं आहे. चोवीस तासांत तीन, हेही खरं. पण दहाव्या दिवशीही मी चार वाजता गॅलरीत गेलो होतो. त्या दिवशी दोरीवर पाच होते. मी तेही मोजले होते, आणि मला बरं वाटलं होतं.