डावा कौल

आये,

तुला लिहायला बसले आहे आणि पहिली अडचण ही, की तुला वाचता येत नव्हतं. मुंबईहून बाबांचं पत्र आलं की मी मोठ्याने वाचायची आणि तू चुलीपुढे भाकरी थापता थापता म्हणायचीस, "सावकाश वाच गो, गाडी सुटत नाय." तेव्हा हेही तुला कुणीतरी वाचून दाखवेल असं धरून चालते. आता तू जिथे आहेस तिथे तुझ्याजवळ कोण आहे, हेच तर मला ठाऊक नाही. त्या एकाच गोष्टीने माझं मन पोखरलं आहे, आणि विचारायला दुसरं माणूस उरलं नाही म्हणून तुला विचारते आहे.

सरळच सांगते. मी ख्रिस्ती झाले. ओरडू नकोस, आधी ऐकून घे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रत्नागिरीतच राहिले. लग्न केलं नाही ते नाहीच. एक दिवस मागच्या दारी शेवाळावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. दादा गावाहून येऊन गेला, पण त्याची कापणी चालू होती, तो तरी किती थांबणार! शेजारच्या काकू मात्र रोज येत. पेज, वर लोणच्याची फोड, कधी भाजलेली सुकट. माझे केस विंचरायच्या, जसे तू विंचरायचीस तसे, ओढून ओढून. त्या चर्चला जातात एवढं मला माहीत होतं, पण देवाधर्माचा एक शब्द त्यांनी काढला नाही. एकदा स्वयंपाकघरातून त्यांचं बोलणं ऐकू आलं. वाटलं फोनवर आहेत. तर त्या देवाशी बोलत होत्या, माझ्या पायाबद्दल, अगदी हक्काने, थोड्याशा रागानेसुद्धा. चालायला लागल्यावर मीच म्हटलं, काकू, मला घेऊन चला. बस, इतकंच झालं. मला कुणी बाटवलं नाही की तांदळाचं पोतं दिलं नाही. वाडीत तसं बोलतात म्हणून तुला सांगून ठेवते.

दादा बोलत नाही असं नाही. गणपतीच्या आधी त्याचा फोन आला. "बाय, ये तू. पण आरतीला बाजूला उभी राहणार असलीस तर लोकं मलाच विचारतील." तो वाईट बोलला नाही, खरं तेच बोलला. मी गेले नाही. त्या दिवशी इथे सगळ्या घरांतून झांजा ऐकू येत होत्या आणि मला काही सुचेना, म्हणून एकटीने उकडीचे मोदक केले. केल्यावर लक्षात आलं, हे पुढे ठेवायचे कुणाच्या? ताट हातात घेऊन घरभर फिरले, वेडीसारखी. मग ओट्यापाशी उभ्या उभ्याच खाल्ले. एक कळी फुटली होती. तू असतीस तर म्हणाली असतीस, मास्तरीण झालीस पण हात काय वळला नाय.

आणि तिकडे चर्चमध्येही मी पाहुणीच. ईस्टरच्या आदल्या दिवशी मंडळीतले सगळे कबरी साफ करायला जातात. गवत उपटतात, क्रुसाला चुना लावतात, फुलं ठेवतात. प्रत्येकाचं कुणीतरी तिथे आहे. हा माझा आजा, ही माझी थोरली बहीण, असं चाललेलं असतं. मी मेणबत्त्यांचा पुडा धरून उभी. काकूंनी विचारलं, "तुम्ही कुठे लावणार?" मी काय सांगणार! तुझी राख तर आम्ही संगमेश्वरला संगमावर सोडली. दादा कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि भटजी घाई करत होते. मी एक मेणबत्ती कुणा अनोळखी लहान मुलाच्या कबरीवर लावली आणि बागेत फिरायला आल्यासारखी इकडेतिकडे बघत राहिले.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मग चर्चमध्ये शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग सुरू झाला. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तरुण आहेत, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे, फार मऊ बोलतात. त्यांनी सांगितलं की देवाने आपल्या माणसांना आधीच निवडून ठेवलं आहे. जग केलं त्याच्याही आधी. कुणाच्या पुण्याकडे बघून नाही, नुसत्या त्याच्या दयेने. आये, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं, आनंदाने. मला बघायला आले ते पोहे खाऊन गेले, परत कुणी आलं नाही. बाबांनाही मुलगाच हवा होता म्हणून दादाचंच कौतुक. आणि इथे कुणीतरी म्हणतंय की डोंगर नव्हते, समुद्र नव्हता, तेव्हापासून तू मला हवी होतीस. घरी येताना मांडवीच्या धक्क्यावर बसून राहिले. इतकी श्रीमंत मी कधीच नव्हते.

पुढच्या आठवड्यात बायबलातल्या जुळ्या भावांची गोष्ट आली. दोघे अजून पोटात आहेत, बरंवाईट काही केलेलं नाही, आणि देवाने एकाला घेतलेलं, दुसऱ्याला नाही. माझ्या मनात आलं, त्यांच्या आईला कुणी विचारलं का? आणि आईचं नाव मनात आल्याबरोबर तू समोर आलीस. मी हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा. म्हटलं, माझी आई हे काही न ऐकता गेली. तिचं काय? पाळकांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "तो न्यायी आहे, बाई. आपण त्याच्यावर सोडू या." तेवढ्यावर भागलं असतं. पण मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ बसले होते, निवृत्त साहेब, ते म्हणाले, "निवडलेली असती तर तिच्यापर्यंत हाक पोचवली असती त्याने. गोष्ट सरळ आहे." सरळ म्हणे! मी उठले आणि चहाचे कप धुवायला गेले. कप धुतलेलेच होते, तरी परत धुतले. आपल्या वाडीत तू होतीस तोवर एसटीसुद्धा पोचली नव्हती. आजाऱ्याला डोलीत घालून सड्यावरून डोंगर उतरावा लागायचा. तिथे हाक पोचली नाही याचा दोष तुझा धरायचा? अगदी ओठांवर आलं होतं हे, पण बोलले नाही. भांडायला हक्काचं माणूस लागतं.

त्या रात्रीपासून मला तो दिवस सारखा आठवतो. माझी बारावी झाली होती आणि रत्नागिरीला मास्तरकीच्या कोर्सला नंबर लागला होता. बाबांनी मुंबईहून कळवलं होतं, पोरीला कुठे एकटी ठेवता, स्थळं बघा. तू म्हणालीस, देवाला विचारू. आपण दोघी ग्रामदेवतेच्या देवळात गेलो. गुरवकाकांनी पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की पोरीला पाठवायची असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. मी बघते आहे. डावी पडली. माझे डोळे भरून आले. तू हललीस नाहीस. म्हणालीस, "परत लावा." काकांनी लावली. परत डावी. ते म्हणाले, "वयनी, देवान दिलान ना कौल! आता काय?" आणि तू, पदर खोचून, शांतपणे म्हणालीस, "दिलान. पण मी घेतला नाय."

काका चिडले. म्हणाले, असं चालत नाही. तू म्हणालीस, चालंल, मी बसते, मना काय घाई नाय. खोटं, आये! नांगर शेतात उभा होता, बैल भाड्याचे होते. तरी तू खांबाला टेकून बसलीस. काका जेवून आले, आपण उपाशी. तू देवाशी बोलत होतीस, हळू आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसं, की माझा जन्म चिखलात गेला तो गेला, हिचा नको. दुपार कलल्यावर काकांनी निव्वळ कंटाळून पाकळ्या लावल्या आणि उजवी पडली. तू हात जोडलेस, नारळ ठेवलास आणि वाटेला लागलीस. घरी आल्यावर चुलीपाशी मी शहाणपणा केला. म्हटलं, त्याला काय द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं, तर मागून उपयोग काय? तू उलथणं उगारलंस. "तुला भूक लागली ती मना कळत नाय होय? तरी 'आये, वाढ' म्हणतेस तेव्हा मना बरं वाटतं." आणि गरम भाकरी माझ्या ताटात आदळलीस.

मी ही गोष्ट घेऊन पाळकांकडे जाऊ शकत नाही. ते चांगले आहेत, पण हे मूर्तीचं, कौलाचं, ते ऐकून कळवळतील आणि माझ्यासाठी प्रार्थना करतील. दादाला सांगितलं तर म्हणेल, बघ, आपला देव परत विचारू तरी देतो. काकूंनाही नाही सांगवत, त्यांचे सगळे त्या चुना लावलेल्या क्रुसांखाली सुखाने झोपले आहेत. पण माझा प्रश्न एवढाच आहे. त्या दिवशी तू उठून घरी आली असतीस तर मी रत्नागिरीला आले नसते, या घरात राहिले नसते, काकू शेजारी नसत्या, मला ख्रिस्ताचं नाव कळलं नसतं. तुझ्याच हाताने त्याने मला इथवर आणलं. मग ज्या हाताने आणलं तोच हात बाहेर ठेवायचा? असं तर आपल्याकडे वाढपिणीलाही करत नाहीत, तिलाही शेवटी पंगतीला बसवतात.

उद्या रविवार. मला साक्ष द्यायची आहे, सगळ्या मंडळीपुढे उभं राहून, की मी हरवले होते आणि त्याने मला निवडलं. हे खरं आहे. मला तो सोडवत नाही, आये, एकदाची कुणाचीतरी झाले आहे मी. पण 'निवडलं' म्हणताना तू दाराबाहेर उभी दिसतेस, पायाला चिखल, आणि माझी जीभ वळत नाही. तुला सोडून आत जाऊन बसायचं असेल तर त्या घरात मला भाकरी गिळायची नाही.

हे पत्र कुठे पाठवणार! ओट्यावरच राहील, डब्याखाली. फक्त एक सांगायचं राहिलं आहे आणि ते कुणाला कळलं तर मंडळीत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मघाशी जेवण झाल्यावर मी दारातल्या तगरीची फुलं आणली. पाकळ्या ओल्या केल्या आणि ओट्याच्या वरच्या टाइल्सवर दोन चिकटवल्या. मूर्ती नाही, खांदे नाहीत, भिंतीला उजवं कुठलं नि डावं कुठलं, माझं मलाच हसू आलं. तरी हात जोडले आणि ख्रिस्ताचं नाव घेऊन विचारलं, माझी आये तुझ्याकडे आहे का? असेल तर उजवी दे.

डावी पडली, आये.

मी पदर खोचला. मग मोठ्याने म्हटलं, "दिलास. पण मी घेतला नाय." पाकळी उचलून परत ओली केली, परत लावली आणि स्टूल ओढून समोर बसले आहे.