धूळ बसली

प्रिय भावोजी,

‘प्रिय’ लिहिलंय ते निव्वळ सवयीने. या आठवड्यात तुमच्यासाठी माझ्या मनात जे शब्द आले ते कागदावर लिहिण्यासारखे नाहीत आणि जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला ते शोभणारही नाहीत. फोन केला नाही, कारण मी स्वयंपाकघरात हळू आवाजात फोनवर बोलले तरी ह्यांना ते बाथरूममध्ये ऐकू जातं. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, भावोजी. ह्यांना ऐकू जातं. तुमच्या मंडळींनी मात्र ठरवून टाकलंय की तुमच्या मित्राचे कान गेले, मुळात कधी होते की नाही कोण जाणे, आणि इतकी वर्षं ‘कानसेन’ म्हणून उगाच त्यांना डोक्यावर घेतलं.

त्या शनिवारी तुम्ही सगळे आमच्याकडे गाणी ऐकायला जमलात, मी सकाळपासून सँडविचच्या मागे होते. तुमचे ते दातांचे डॉक्टर ऐन वेळी आणखी दोघांना घेऊन आले, त्यामुळे माझी त्रेधातिरपीट. तुम्ही स्पीकरची नवी वायर आणली होती, बागेला पाणी घालायच्या नळीएवढी जाड, आणि जुनी चांगली की नवी हे ह्यांनी न बघता ओळखायचं असं ठरलं. गाण्याच्या मशिनच्या कपाटावर चादर टाकलीत, मागे शिरलात, एक गाणं लावलंत. हे डोळे मिटून म्हणाले की गाणारीच्या मागे कसली तरी धूळ आहे. मग तुम्ही पुन्हा मागे जाऊन बराच वेळ खुडबुड केलीत, तेच गाणं पुन्हा लावलंत. हे हसले आणि म्हणाले, धूळ बसली. आता तिच्या पाठीमागे शांतता आहे. आणि तुम्ही काय केलंत? पिशवीतून खोक्यासकट ती नवी वायर काढलीत आणि सगळ्यांना दाखवलीत. खोकं उघडलंसुद्धा नव्हतं. बदललं काहीच नव्हतं. दातांचे डॉक्टर तर मांडीवर थाप मारून हसले. मी हातात ट्रे घेऊन दारात उभी होते, तुमच्या मित्राचं तोंड मी बघितलं, तुम्ही नाही बघितलंत. मी वर्गात पुष्कळ लबाड पोरं पाहिली, पण प्रश्नच खोटा काढून नापास करणारा मास्तर पाहिला नव्हता.

गंमत होती म्हणे. तुमची मंडळी अजून गंमतच करतायत, त्यांच्या निरोपांमध्ये आता कशालाही ‘धूळ बसली का?’ असं विचारतात. ह्यांनी ते वाचलं आणि फोन उपडा ठेवला. शनिवारी रात्री कुणी धड जेवलं नाही, आवराआवर तशीच राहिली, बंद केलेला फ्रिज चालू करायचाही मी विसरले. सकाळी स्वयंपाकघरभर पाणी आणि तुमच्यासाठी आणलेलं आइसक्रीम वाटीत पातळ झालेलं. मी फरशी पुसत होते तेव्हा हे हॉलमधली खुर्ची उचलून बाल्कनीत नेत होते. ती खुर्ची, भावोजी. दोन्ही स्पीकर आणि मधोमध ती, एक इंच इकडेतिकडे झाली तर चालायची नाही म्हणून जमिनीला पट्ट्या चिकटवलेल्या. तिच्याभोवती वळसे घालून मी आयुष्यभर केर काढला, पाहुण्यांना त्या खुर्चीत बसू नका असं सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती वेळा म्हटलं, एकदाची उचला ही ब्याद. आता उचलली. तिच्यावर कपड्यांची बादली ठेवते मी, आणि हॉलमध्ये त्या पट्ट्या तेवढ्या उरल्यात. आत्ताही मी त्यांना वळसा घालूनच जाते. मशिनवर जुनी चादर घातली आहे. हे दिवसभर पेपर वाचतात, त्यात काही नसलं तरी वाचतात.

मी या नादाला कधी चांगलं म्हटलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दोघांनी पहिला अॅम्प्लिफायर जोडलात तो माझ्या जेवणाच्या टेबलावर, त्याचा भाजलेला डाग अजून टेबलक्लॉथखाली आहे. पण तुम्ही एक विसरलात म्हणून मला संताप येतोय. लेक दोन वर्षांची होती, खोकत होती, डॉक्टरांनी औषध देऊन घरी पाठवलं होतं. मी शेजारी बसून होते, मला काही वेगळं वाटलं नाही. हे बाहेरच्या खोलीतून उठून आले, हा खोकला कालचा नाही म्हणाले, त्याच्या खाली कसलातरी ओला आवाज आहे. मी वेड्यात काढलं. तुम्ही गाडी काढलीत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आणखी थोडा उशीर झाला असता तर पोरगी हाताला लागली नसती. गाडी तुम्ही चालवत होतात, भावोजी, आणि परत येताना हा कान सोन्याचा आहे असं तुम्हीच म्हणालात. ‘कानसेन’ हे नाव तिथून पडलं, गाण्यावरून नाही. त्या कानाला तुम्ही दहा जणांत बसून हसलात.

आणि परवा कहर झाला. ह्यांनी तुम्हाला फोन करून सांगितलं की सगळं घेऊन जा, मशिन, स्पीकर, रेकॉर्डी, तुझे कान अजून धड आहेत. मला वाटलं तुम्ही शिव्या घालाल, निदान समजूत घालायला उद्या येतो म्हणाल. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणालात. तुम्ही लाजेने बोलला असाल किंवा हावेने, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. फोन ठेवल्यावर हे चादरीची कड नीट करत उभे राहिले, कितीतरी वेळ.

काल दुपारी मी वाटाणे सोलत होते, हे पेपर घेऊन बसले होते. आमचा फ्रिज किती जुना आहे आणि कसा घुरघुरतो ते तुम्हाला ठाऊक आहे, मला तर तो आताशा ऐकूच येत नाही. तो मध्येच आपोआप थांबला. ह्यांनी मान वर केली, एकदा चादरीकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. अहो, तुम्ही ऐकायला बसलात की फ्रिजचं बटण बंद करायचं हे माझं काम, इतक्या वर्षांचं. त्या शनिवारी सँडविचच्या नादात राहून गेलं. पहिल्यांदा लावलेलं गाणं संपलं, तुम्ही चादरीमागे खुडबुड करत होतात, तेव्हा मला आठवलं आणि मी ते बंद केलं. दुसऱ्यांदा गाणं लागलं तेव्हा फ्रिज बंद होता. बदललं होतं, भावोजी. धूळ होती आणि ती खरंच बसली होती. खोलीभर जाणकार बसले होते, त्यातल्या एकालाही कळलं नाही, आणि ज्याला कळलं त्याला तुम्ही हसलात. मी लगेच ह्यांना सांगितलं. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, माझी समजूत काढू नकोस. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, कारण मी त्यांची बायको आहे. म्हणून हे पत्र. रविवारी या, त्या दातांच्या डॉक्टरांनाही आणा, टेम्पो आणू नका. बाल्कनीतली खुर्ची उचलून त्या पट्ट्यांवर तुम्ही स्वतः ठेवायची आणि तिच्यात ह्यांना बसवायचं. मग गाणं लावून स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभं राहायचं, तोंड बंद आणि हात फ्रिजच्या बटणावर. वाटेल तेव्हा चालू करा, वाटेल तेव्हा बंद करा. धूळ कधी उठली आणि कधी बसली ते हे बाहेरून सांगतील, आणि दर वेळी तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, बरोबर.

अजून तरी तुमचीच,
वहिनी